कोळीदंश

कोळी हे अष्टपाद वर्गातील ॲरेनी गणाचे प्राणी असून त्यांच्या ५०,००० हून अधिक जातींची आजवर नोंद झाली आहे. युलोबोरिडी कुलासारखे मोजके अपवाद सोडले तर या सगळ्यांना विषग्रंथी असतात. पण हे विष मुळात किडे लुळे पाडण्यासाठी आहे आणि माणसावर त्याचा गंभीर परिणाम होईल अशा जाती फार थोड्या. तोंडापुढे जबड्यांची एक जोडी, प्रत्येक जबड्याच्या टोकाला आत वळलेला पोकळ विषदंत आणि त्या दाताच्या अणीजवळ विष बाहेर पडण्याचे बारीक छिद्र, अशी दंशाची रचना असते. टॅरॅन्टुला आणि फनेल-वेब यांचे विषदंत समांतर असतात व वरून खाली रोवले जातात. त्यामुळे दंशापूर्वी हे कोळी अंगाचा पुढचा भाग उचलून पवित्रा घेतात. इतर बहुतेकांचे विषदंत समोरासमोर येऊन चिमट्यासारखे मिटतात. लहान कोळ्यांपैकी कितीतरींचे दात माणसाच्या कातडीतून नीट आतही शिरत नाहीत. असे असूनही अंगावर अचानक उठलेला फोड, चट्टा किंवा चिघळलेली जखम कोळ्याच्या माथी मारण्याची सवय जगभर आहे, आणि डॉक्टरही तिला अपवाद नाहीत. वास्तविक कोळीदंशाचे निदान नुसत्या जखमेवरून करता येत नाही. चावताना दिसलेला, पकडलेला आणि जाणकाराने ओळखलेला कोळी हाच त्याचा खरा पुरावा.

खरोखर धोक्याचे गट हाताच्या बोटांवर मोजता येतील. लॅट्रोडेक्टस प्रजातीत ब्लॅक विडो आणि ऑस्ट्रेलियातला रेडबॅक येतात. त्यांच्या विषातील अल्फा-लॅट्रोटॉक्सिनमुळे मज्जातंतूंच्या टोकांशी साठलेली रसायने एकदम बाहेर सांडतात. दंशाची जागा क्षुल्लक दिसते, पण वेदना चढत जातात, स्नायू आखडतात, घाम फुटतो. लॉक्सोसेलिस, म्हणजे रिक्लूज कोळी, याच्या उलट वागतात. त्यांच्या विषातील स्फिंगोमायलिनेज-डी हे विकर ऊतींचा नाश करते व काही वेळा कातडी काळी पडून झडते. ब्राझीलचा फोन्यूट्रिया हा तिसरा गट. चौथा गट ऑस्ट्रेलियातील फनेल-वेब कोळ्यांचा असून त्यांपैकी सिडनी फनेल-वेबच्या नराचे विष माणसाला विशेष घातक ठरते. १९८१ मध्ये त्यावरचे प्रतिविष वापरात येईपर्यंत १३ मृत्यू नोंदले गेले होते. त्यानंतर एकही नाही.

आता आरोप आणि पुरावा शेजारी ठेवून पाहू. अमेरिकेत झडणाऱ्या जखमांचे खापर रिक्लूजवर फुटते, आणि हा कोळी जिथे आढळतच नाही अशा राज्यांतही तेच निदान लिहिले जाते. त्याच्या खऱ्या मुलखात, कॅन्ससमधील एका घरात, २००१ साली सहा महिन्यांत २,०५५ रिक्लूज कोळी गोळा करण्यात आले. घरात एक कुटुंब वर्षानुवर्षे राहत होते आणि त्यांच्यापैकी कोणालाही दंश झालेला नव्हता. ऑस्ट्रेलियात तर संशोधकांनी प्रश्न मुळापासूनच वेगळ्या रीतीने मांडला. जखमेपासून मागे जाण्याऐवजी त्यांनी फक्त तेच रुग्ण घेतले ज्यांना चावलेला कोळी हाती होता आणि तज्ज्ञांनी ओळखला होता. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या ७५० दंशांत झडणारा व्रण एकही नव्हता. तिथे अशा व्रणांसाठी बदनाम झालेल्या पांढऱ्या शेपटीच्या कोळ्याचे १३० निश्चित दंश पुढच्याच वर्षी स्वतंत्रपणे तपासले गेले. त्यांतही व्रण नव्हता. अशी शिस्त पाळणारी पाहणी कमी वेळा होते, म्हणूनच तिचे वजन अधिक.

मग या जखमा येतात कुठून? बऱ्याचदा त्या जिवाणूंच्या संसर्गाच्या असतात. मधुमेही माणसाचे चिघळलेले गळू, रक्तपुरवठा तुटल्याने झालेला व्रण, नागीण, औषधाची ॲलर्जी हीदेखील कारणे आहेत. २००१ साली न्यूयॉर्कमध्ये सात महिन्यांच्या बाळाच्या हातावरील जखमेला आधी रिक्लूजचा दंश ठरवले गेले. ती निघाली अँथ्रॅक्सची. भारतात पावसाळ्याच्या सुमारास आणखी एक कारण असते ते पेडेरस या किड्याचे. नारिंगी-काळा, सेंटिमीटरभरही नसलेला हा किडा दिव्याकडे येतो, मानेवर किंवा दंडावर बसतो आणि झटकताना चिरडला जातो. तो चावत नाही की डंख मारत नाही. त्याच्या अंगातील पेडेरिन कातडीला लागते. त्या वेळी काहीच जाणवत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र हात फिरला त्या रेषेत लाल पट्टा उठतो, त्यावर बारीक फोड येतात आणि भाजल्यासारखी आग होते. कोपराच्या वळणात रस लागला असेल तर हात मिटल्यावर समोरची कातडीही माखते आणि सारखेच दोन चट्टे समोरासमोर उमटतात. ही खूण कोळ्याची असूच शकत नाही.

यावर आक्षेप असा की झोपेत चावलेला कोळी कुणाला दिसणार? आक्षेप खरा आहे, पण त्यातून एवढेच निघते की काही दंश नोंदीवाचून राहतात. न दिसलेला कोळी दोषी आहे असे त्यातून निघत नाही. दुसरा आक्षेप सावधगिरीचा : दंश समजून उपचार केले तर बिघडले काय? बिघडते ते असे की, संसर्गावर वेळेत प्रतिजैविक मिळत नाही, मधुमेह तपासायचा राहतो आणि जखम पसरत जाते. तिसरा आक्षेप भारतातील विषारी कोळ्यांचा, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. लॅट्रोडेक्टस कोळी आपल्याकडे आहेत. पश्चिम घाटातील झाडांच्या ढोलीत पोईसिलोथेरिया रेगॅलिस हा मोठा टॅरॅन्टुला राहतो आणि या प्रजातीच्या दंशानंतर स्नायूंत जबर पेटके येतात, कधी ते कित्येक दिवस टिकतात. परंतु ही सर्व लक्षणे स्नायूंची आणि मज्जातंतूंची आहेत. चिघळलेल्या जखमेसाठी या कोळ्यांकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही.

आसाममधील सादिया येथे २०१२ मध्ये दोन मृत्यूंचा ठपका मोठ्या केसाळ कोळ्यावर ठेवला गेला आणि भीती देशभर पसरली. शवविच्छेदन झाले नव्हते आणि आजाऱ्यांना आधी मांत्रिकाकडे नेल्याच्या बातम्या होत्या. अशा ठिकाणी विष आणि अघोरी उपचार यांतले कोणते कारण जिवावर बेतले, हे पुराव्याविना सांगता येत नाही.

कोळी चावल्याची खात्री असेल तर जागा साबण-पाण्याने धुवावी, थंड पट्टी ठेवावी, कोळी बाटलीत पकडावा, निदान त्याचा फोटो घ्यावा. कापणे, चोखणे, डागणे टाळावे. सर्पविषावरील प्रतिविष इथे उपयोगाचे नाही. घाम, पसरत जाणाऱ्या वेदना, पेटके किंवा श्वासाचा त्रास दिसताच रुग्णाला इस्पितळात न्यावे. कोळी ओळखण्याने उपचार किती बदलतात, ते ऑस्ट्रेलियातील प्रथमोपचारात दिसते. फनेल-वेबच्या दंशात पूर्ण हात किंवा पाय पट्टीने घट्ट गुंडाळून हालचाल थांबवतात. रेडबॅकच्या दंशात हीच पट्टी वेदना वाढवते, म्हणून ती बांधत नाहीत.