मिरजेचा तंबोरा घडवून घ्यायचा असेल तर : माहिती आणि सूचना

आपल्या घाटंजीसारख्या तालुक्याच्या गावात गाणे शिकणाऱ्या मुलामुलींना तंबोरा हवा असतो, पण तो कुठे मिळतो आणि ऑर्डर कशी द्यायची हे माहीत नसते. तयार तंबोरा दुकानात मिळतो. पण आपल्या आवाजाच्या पट्टीचा, आपल्या मापाचा घडवून घ्यायचा तर महाराष्ट्रात पहिले नाव मिरजेचे (जि. सांगली) घ्यावे लागते.

हे हुनर कोणाचे?

मिरजेतले वाद्य कारागीर बहुतांशी मुस्लिम शिकलगार समाजातले. शिकलगार म्हणजे तलवारी, भाले घडवणारे आणि त्यांना धार लावणारे. राजेशाही ओसरली तसे हत्यारांचे काम घटले. साधारण 1850 च्या सुमारास फरीदसाहेबांनी तंतुवाद्यांचे काम हाती घेतले. मिरज संस्थानच्या पटवर्धन राजांचा आश्रय मिळाला आणि पुढे खानदानाचे आडनावच ‘सतारमेकर’ झाले. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ (1872–1937) मिरजेत राहिले. त्यांची कबर तिथल्या ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या आवारात आहे आणि उरुसात दरवर्षी त्यांच्या स्मृतीत संगीत सभा होते. अशा गवयांमुळे इथल्या कारागिरांचा कान तयार झाला.

2024 मध्ये मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन (जीआय) मिळाले. म्हणजे दुसरीकडे बनवलेले वाद्य ‘मिरजेचे’ म्हणून विकता येत नाही.

वाद्य बनते कसे?

तंबोऱ्याचा भोपळा खाण्याचा नसतो, तो कडू जातीचा. पंढरपूर-मंगळवेढा भागातले शेतकरी तो पिकवतात. तो महिनोन् महिने वाळवावा लागतो. दांडी आणि तबली (भोपळ्यावर बसवलेली लाकडी झाकणासारखी फळी) तूनच्या लाकडाची करतात. मग जोडकाम, नक्षी, पॉलिश, खुंट्या आणि तारा. शेवटी घोडी घासून जवारी लावतात. तारेखाली सुताचा धागा सरकवत आवाज खुलवायचा, हे सगळे कानाचे काम. जवारी चांगली नसेल तर बाकीची मेहनत पाण्यात जाते.

ऑर्डर देण्यापूर्वी ठरवा

1. पट्टी : आपण कोणत्या स्वरात गातो ते गुरुजींकडून किंवा उस्तादांकडून लिहून घ्या. पुरुषांची पट्टी बहुधा काळी एकच्या आसपास असते, स्त्रियांची काळी चार-पाचच्या आसपास. त्यावरून भोपळ्याचा आकार, लांबी आणि तारांची जाडी ठरते. पुरुषांचा तंबोरा साधारण पाच फुटांचा, स्त्रियांचा चार फुटांच्या आसपास. लहान मुलाचा आवाज वयात येताना बदलतो, म्हणून त्याच्यासाठी महागडे वाद्य घडवायची घाई करू नका.

2. तारा : बहुधा चार असतात. पहिली पंचमाला, राग पाहून मध्यम किंवा निषादाला लावतात. मधली जोड पोलादी, शेवटची खर्जाची पितळी.

3. घोडी आणि नक्षी : सांबरशिंग मागू नका, देत असतील तरी घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 प्रमाणे त्याचा व्यापार गुन्हा आहे. उंटाचे हाड, शिसवीचे लाकूड किंवा कृत्रिम साहित्य चालते. नक्षी वाढली की किंमत वाढते, आवाज वाढत नाही.

4. लेखी कागद : पट्टी, माप, लाकूड, किंमत, बयाणा, तारीख आणि नंतरची जवारी मोफत की पैसे देऊन, हे सगळे कागदावर घ्या. कारागीर जीआयचा नोंदणीकृत ‘अधिकृत वापरकर्ता’ आहे का, तेही विचारा.

आणायचा कसा, सांभाळायचा कसा?

घाटंजीहून यवतमाळमार्गे वर्धा गाठले की तिथून महाराष्ट्र एक्सप्रेस थेट मिरजेला जाते. शक्य असेल तर स्वतः जा, वाजवून बघा, मगच ताब्यात घ्या. पार्सलने मागवायचा असेल तर तारा सैल करून, लाकडी पेटीत बांधून पाठवायला सांगा. भोपळा एकदा फुटला की सांधता येतो, पण पहिल्यासारखा राहीलच असे नाही.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 45 अंशांजवळ जातो. कोरड्या हवेत लाकूड आकसते, सांधे उकलतात. तंबोरा कूलरच्या झोतात, पत्र्याखाली किंवा ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नका. पावसाळ्यात खोळ घाला.

मोबाइलवर तंबोऱ्याचा आवाज फुकट मिळतो, रियाजाला तो चालतोही. पण त्यामुळे कारागिरांचे काम कमी झाले आहे आणि घरातली तरुण मुले दुसऱ्या पेशाकडे वळत आहेत. किंमत विचारताना एवढे ध्यानात असू द्या. घासाघीस जरूर करा, पण जवारी लावणाऱ्याची मजुरी कापून नको. तो हात पुन्हा तयार व्हायला बरीच वर्षे लागतात.