शिकागोचे दोन नकाशे

सध्या माझ्या टेबलावर शिकागो शहराचे दोन जुने नकाशे शेजारी-शेजारी आहेत. एक फॅरिस आणि डनहॅम यांच्या १९३९ च्या पुस्तकातला: मनोरुग्णालयात दाखल झालेले लोक कुठे राहायचे. दुसरा शॉ आणि मॅके यांच्या १९४२ च्या पुस्तकातला: कोर्टात उभी राहिलेली अल्पवयीन मुलं कुठली. दोन्हींत जास्त गडद काय, तर शहराच्या मध्याला लागून असलेल्या गरीब वस्त्या.

म्हणजे मनोरुग्णच गुन्हे करतात? थांबा जरा. हे नकाशे वस्त्यांचे आहेत, माणसांचे नाहीत. आजारी माणूस आणि कोर्टातला मुलगा एकच, असं त्यांत कुठेच दिसत नाही. शिवाय स्किझोफ्रेनियाचे रुग्ण मध्यभागी दाटलेले असले, तरी मॅनिक-डिप्रेसिव्ह रुग्ण शहरभर विखुरलेले होते. (हा भाग सहसा कुणी सांगत नाही!)

मग स्किझोफ्रेनियाच तिथे का? फॅरिस-डनहॅम म्हणाले, विस्कटलेल्या वस्तीतल्या एकटेपणामुळे. टीकाकारांनी उलटं विचारलं: आजारामुळे नोकरी गेलेला माणूस स्वस्त खोली शोधत तिथे आला असेल तर? १९६३ मध्ये ब्रिटनमधल्या गोल्डबर्ग आणि मॉरिसन यांनी तरुण रुग्णांच्या वडिलांचे व्यवसाय तपासले. ते चारचौघांसारखेच निघाले. खाली घसरले होते ते मुलगे.