लपवलेले बोट आणि ऐकलेला उच्चार : जेम्स डूहन

ज्याला आपण 'चरित्र-अभिनेता' म्हणतो (हा शब्द हिंदी चित्रपटसृष्टीकडून आपल्याकडे आला आणि तो फारसा नेमका नाही) त्याचे चरित्र सहसा कोणी लिहीत नाही. पात्र लोकांच्या लक्षात राहते, नट राहत नाही. कॅनडातील नट जेम्स डूहन (१९२०-२००५) यांच्या बाबतीत हे फारच टोकाला गेले. अमेरिकेत १९६६ ते १९६९ या काळात एनबीसी वाहिनीवर झालेल्या 'स्टार ट्रेक' या मालिकेतील अंतराळयानाचा मुख्य अभियंता 'स्कॉटी' जगाला ठाऊक आहे. डूहन हे नाव मात्र सांगावे लागते. त्यांच्यावरील मृत्युलेखांत एक गोष्ट हमखास येते, ती नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरील जखमांची. एका विनोदी पात्रामागे एक शूर सैनिक होता, एवढाच तिचा अर्थ लावला जातो. आम्हांला तो अर्थ अपुरा वाटतो. युद्धाने या माणसाकडून काहीतरी घेतले आणि त्याला काहीतरी दिलेही, आणि या दोन्हींचा त्याच्या अभिनयाशी थेट संबंध आहे.

डूहन यांचा जन्म ३ मार्च १९२० रोजी व्हँकूव्हरला झाला. आईवडील उत्तर आयर्लंडमधून आलेले. वडील दारूच्या आहारी गेलेले. पुढे कुटुंब ऑन्टारिओतील सार्निया येथे आले. शाळेत गणित आणि विज्ञान चांगले होते. युद्ध सुरू होताच ते कॅनडाच्या तोफखान्यात दाखल झाले आणि लेफ्टनंट म्हणून इंग्लंडला गेले. प्रत्यक्ष लढाई त्यांनी प्रथम पाहिली ती ६ जून १९४४ रोजी, 'जूनो' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या किनाऱ्यावर. वाळूत सुरुंग पेरलेले होते. पण ते रणगाड्यांच्या वजनाचे असल्याने माणसांच्या पावलांनी फुटले नाहीत. दिवस असा निभावला. रात्री साडेअकराच्या सुमारास एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्याकडे जाताना त्यांना ब्रेन गनच्या सहा गोळ्या लागल्या. चार पायात, एक छातीवर, एक उजव्या हाताच्या मधल्या बोटाला. छातीवरची गोळी भावाने दिलेल्या सिगारेटच्या डबीने अडवली. बोट कापावे लागले. गोळ्या झाडणारा जर्मन नव्हता. घाबरलेला कॅनडाचाच पहारेकरी होता. शौर्यकथेत ही बाब थोडी अडचणीची ठरते, म्हणून ती घाईने सांगून टाकली जाते. बरे झाल्यावर ते तोफखान्याच्या निरीक्षण विमानांचे वैमानिक झाले आणि त्यांच्या बेदरकार उड्डाणांचे किस्से मागे राहिले.

युद्धानंतर नभोवाणीवरचे एक नाटक ऐकताना त्यांना वाटले, याहून बरे आपण बोलू. तेथून नाट्यशाळा, मग शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कचे 'नेबरहूड प्लेहाऊस' आणि सॅनफर्ड माइझनर यांची तालीम. लेस्ली नील्सन त्यांचे सहाध्यायी. पुढची वर्षे टोरांटो आणि न्यूयॉर्क यांच्यात गेली. त्यांच्या स्वतःच्या हिशेबाने त्यांनी चार हजार नभोवाणी कार्यक्रम केले. (नटांनी सांगितलेले प्रयोगांचे आकडे आपल्याकडेही जपूनच घ्यावे लागतात.) आकडा काहीही असो, हा नट आवाजावर घडला. वाचिक अभिनय हे नाट्याचे शरीरच होय, अशी भरताची भूमिका आहे; ती येथे जवळजवळ शब्दशः लागू पडते.

१९५६ मध्ये कॅनडाच्या दूरचित्रवाणीने आर्थर हेली यांचे 'फ्लाइट इंटू डेंजर' हे नाटक प्रक्षेपित केले. विषबाधेने वैमानिक निकामी होतात आणि प्रवाशांतील एका माजी युद्धवैमानिकाला विमान उतरवावे लागते, असे त्याचे कथानक. ती मुख्य भूमिका डूहन यांची होती. त्याच कथेवरून 'झीरो अवर' (१९५७) हा चित्रपट झाला आणि त्याचे विडंबन म्हणून 'एअरप्लेन' (१९८०). त्या विडंबनाने नवे आयुष्य मिळाले ते लेस्ली नील्सन यांना! नटांच्या नशिबाविषयी आम्ही यापेक्षा अधिक काही म्हणू इच्छित नाही.

'स्टार ट्रेक'च्या चाचणीत डूहन यांनी निरनिराळे उच्चार करून दाखवले. कोणता आवडतो असे विचारल्यावर ते म्हणाले, अभियंता असेल तर तो स्कॉटिशच हवा. हा ढंग त्यांच्या सांगण्याप्रमाणे युद्धकाळात ॲबर्डीनकडे कानांवर पडलेल्या बोलीवरून घेतलेला होता. म्हणजे सैनिकाने ऐकलेली बोली नटाने वीस वर्षांनी वापरली. भूमिकेच्या संहितेत तेव्हा फारसे काही नव्हते. पात्राचे नाव, गाव आणि स्वभाव या उच्चारातून आले. लेखकाने लिहिलेले पात्र नट रंगवतो, हा आपला नेहमीचा समज येथे उलटा होतो.

आणि बोट? ते पडद्यावर लपवले गेले. हात जवळून दाखवायचा असेल तेव्हा दुसऱ्याचा हात वापरला जाई. ज्याची ओळखच यंत्रे दुरुस्त करणारे हात ही, त्याचे हात उसने! 'द ट्रबल विथ ट्रिबल्स' (१९६७) या भागात केसाळ प्राण्यांचा ढीग कवेत घेऊन तो येतो तेव्हा चौकस प्रेक्षकाला उणीव दिसते.

भाषेच्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक नोंद. १९७९ च्या 'स्टार ट्रेक' चित्रपटातील क्लिंगॉन लोकांचे पहिले शब्द डूहन यांनी रचले होते. भाषाशास्त्रज्ञ मार्क ओक्रँड यांनी नंतर त्या मोजक्या ध्वनींवरूनच त्या भाषेचे व्याकरण आणि कोश उभारला. आज ती शिकणारे लोक आहेत.

मालिका संपल्यावर मात्र स्कॉटिश नसलेली भूमिका मिळेना. या साच्याची त्यांना चीड होती. पुढे त्यांनी तो स्वीकारला. १९९६ मधील आत्मचरित्राला त्यांनी जे शीर्षक दिले, 'बीम मी अप, स्कॉटी', ते वाक्य मूळ मालिकेत नेमक्या त्या शब्दांत कधीच उच्चारले गेलेले नाही. आत्महत्येच्या विचारात असलेल्या एका चाहतीला ते वर्षानुवर्षे आपल्या संमेलनांना बोलावत राहिले आणि शेवटी तिने इलेक्ट्रॉनिक्स अभियांत्रिकीची पदवी घेतल्याचे कळवले, ही हकिगत ते स्वतः सांगत. मिलवॉकीच्या अभियांत्रिकी संस्थेने त्यांना मानद पदवी दिली; तेथील अनेक विद्यार्थी स्कॉटीमुळे या विषयाकडे वळले होते. २० जुलै २००५ रोजी त्यांचे निधन झाले. त्याआधी काही काळ त्यांना अल्झायमर होता.