खिडकीवर शेड बसवायची आहे? आधी दिशा पाहा, मग पत्रा निवडा

मे महिना संपत आला की फॅब्रिकेटरचा फोन सतत व्यस्त लागतो. पहिला पाऊस पडण्याआधी खिडकीवर, बाल्कनीवर किंवा गॅलरीवर शेड हवी असते. या घाईत बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: 'फुटाला किती?' पण शेड उपयोगी पडेल की नाही, हे भावापेक्षा तुमची खिडकी कोणत्या दिशेला आहे यावर ठरतं.

दिशेने काय फरक पडतो?

मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मार्चच्या अखेरीस भर दुपारी सूर्य बराच वर, ७० अंशांच्या आसपास असतो. अशा वेळी दक्षिणेच्या खिडकीवरची दोन फूट पुढे आलेली शेड सुमारे साडेपाच फूट खालपर्यंत सावली देते.

पश्चिमेचं गणित वेगळं आहे. त्याच दिवसांत संध्याकाळी साडेचारच्या सुमारास ऊन तिरपं होऊन ३० अंशांवर येतं आणि तीच दोन फुटांची शेड जेमतेम फूट-सव्वा फूट सावली देते. म्हणून पश्चिमेला शेड जास्त पुढे आलेली आणि जास्त उताराची हवी, किंवा तिच्या जोडीला खाली सोडता येणारा पडदा हवा.

अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या माहितीनुसार, शेडमुळे उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीतून आत येणारी सूर्याची उष्णता ६५ टक्क्यांपर्यंत, तर पश्चिमेच्या खिडकीतून ७७ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते. आपल्याकडे आकडे वेगळे असतील, पण तत्त्व तेच: ऊन काचेच्या बाहेरच अडवलेलं बरं. आतला पडदा ऊन अडवतो, पण तोवर उष्णता घरात आलेली असते.

पावसाचं काय?

कोकण किनारपट्टीवर पावसाळी वारा मुख्यतः नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो. त्या बाजूच्या खिडक्यांवर झड येते. तिथे नुसतं वरचं छत पुरत नाही, शेडच्या दोन्ही बाजूही बंद करून घ्याव्या लागतात.

कोणतं साहित्य घ्यावं?

• रंगीत पत्रा: टिकाऊ असतो, पण पावसात आवाज मोठा. समुद्राजवळ कापलेल्या कडा आणि स्क्रूची भोकं आधी गंजतात. फिकट रंगाचा पत्रा कमी तापतो.

• पॉलीकार्बोनेट शीट: उजेड आत येतो, त्यामुळे स्वयंपाकघराच्या खिडकीला चांगली. शीटच्या एका बाजूला अतिनील किरणांपासून वाचवणारा थर असतो. ती बाजू वरच हवी. उलटी बसवली तर शीट लवकर पिवळी पडते आणि तडकते.

• गुंडाळता येणारं कापड: गच्ची किंवा बंगल्याच्या अंगणासाठी छान. मात्र जोराचा वारा सुटला की गुंडाळावंच लागतं आणि ओलं तसंच गुंडाळून ठेवलं तर बुरशी धरते.

सगळ्यात जास्त लक्ष कुठे द्यायचं?

बसवण्याकडे. वारा शेडच्या खालून शिरून तिला वर उचलतो. जून २०२० मधलं निसर्ग आणि मे २०२१ मधलं तौक्ते या चक्रीवादळांत कोकणात असंख्य घरांचे पत्रे उडाले. पाचव्या मजल्यावरून सुटलेला पत्रा खालून जाणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतो.

त्यामुळे फॅब्रिकेटरला हे विचारा:

• ब्रॅकेट कशात ठोकणार? नुसत्या प्लास्टरमध्ये नको. खिडकीवरच्या काँक्रीटच्या लिंटेलमध्ये अँकर बोल्टने पक्कं करायला सांगा.
• बोल्ट स्टेनलेस स्टीलचे आहेत का? किनाऱ्याजवळ साधं लोखंड फार टिकत नाही.
• भिंत आणि शेडमधली फट, तसंच बोल्टची भोकं सीलंटने बुजवणार का? नाहीतर ओल घरात येते.
• पागोळ्या कुठे पडणार? तुमच्या शेडचं पाणी खालच्यांच्या खिडकीवर आदळलं, तर भांडण ठरलेलं.

परवानगी लागते का?

सोसायटीत राहत असाल तर काम सुरू करण्याआधी कमिटीची लेखी परवानगी घ्या. भाड्याचं घर असेल तर मालकाचीही. गच्चीवर किंवा मोठ्या जागेवर शेड टाकायची असेल, तर पालिकेचे नियमही आधी पाहा.

शेड एकदा लागली की काम संपलं, असं नाही. दरवर्षी मे महिन्यात नट-बोल्ट तपासून घ्या. गंज किंवा ढिलेपणा दिसला तर पावसाआधीच दुरुस्ती करा. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा: शेड ऊन-पावसासाठी असते. कुंड्या ठेवायला किंवा साफसफाईसाठी पाय द्यायला ती बनवलेली नसते.