मनोरुग्णालयांतील खाजगीपणा व सुरक्षितता

मनोरुग्णालयांतील खाजगीपणा व सुरक्षितता : मनोरुग्णालयात किंवा सर्वसाधारण रुग्णालयाच्या मनोविकार-कक्षात दाखल झालेल्या व्यक्तीचा देह, वस्तू, पत्रव्यवहार व रोगवृत्त यांबाबतची गोपनीयता आणि ती व्यक्ती, सहरुग्ण व सेवकवर्ग यांच्या जीविताचे रक्षण, या दोन कर्तव्यांचा परस्परसंबंध. शारीरिक व्याधींच्या रुग्णालयात या कर्तव्यांत सहसा विरोध उद्‌भवत नाही. मनोविकार-कक्षात मात्र आत्मघाताच्या किंवा हिंसेच्या भीतीमुळे स्नानगृहाची कडी, गळ्यातील ओढणी, रात्रीची झोप यांसारख्या साध्या बाबीही देखरेखीखाली येतात. ही देखरेख कोठवर न्याय्य ठरते, हा या विषयाच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न होय.

रुग्णाच्या घरातील गोष्टी वैद्याने बाहेर सांगू नयेत, असा दंडक चरकसंहितेच्या विमानस्थानातील शिष्योपदेशात आढळतो. हिपॉक्राटीझच्या नावे प्रसिद्ध असलेल्या शपथेतही तोच आशय आहे. वेड्यांसाठी स्वतंत्र आश्रयगृहे निघाली, तेव्हा मात्र हा दंडक त्यांच्या भिंतींआड पोहोचला नाही. लंडनच्या बेथलेम रुग्णालयात सतराव्या-अठराव्या शतकांत लोक करमणुकीखातर रुग्ण पाहावयास जात. रुग्णांना साखळदंडांनी जखडणे हा सुरक्षिततेचा सर्वमान्य उपाय होता. या रीतीला फ्रान्समध्ये फीलिप पीनेल (१७४५–१८२६) आणि इंग्लंडमध्ये यॉर्क येथे १७९६ साली ‘रिट्रीट’ ही संस्था उघडणारा विल्यम ट्यूक यांनी आव्हान दिले. हॅनवेलच्या आश्रयगृहात जॉन कॉनली याने १८३९ पासून यांत्रिक बंधनांचा वापर बंद केला. पुरेसे व प्रशिक्षित सेवक असतील, तर साखळदंडांवाचून सुरक्षितता राखता येते, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

भारतात १८५८ च्या कायद्याने वेड्यांच्या इस्पितळांची व्यवस्था नियमबद्ध झाली. महाराष्ट्रातील नागपूर (१८६४), रत्नागिरी (१८८६) व ठाणे (१९०१) येथील इस्पितळे आणि त्यानंतरचे येरवड्याचे इस्पितळ यांची उभारणी ब्रिटिश अमदानीत झाली. उंच आवारभिंती, कुलूपबंद दालने व एकाच दालनात ओळीने मांडलेल्या खाटा ही त्या काळच्या अशा इस्पितळांची सामान्य घडण होती. समाजाला रुग्णापासून असणारा धोका हा तिचा गृहीत आधार होता. रुग्णाचा खाजगीपणा तिच्या हिशेबात नव्हता. इंडियन ल्यूनसी ॲक्ट, १९१२ अन्वये दाखल होण्याचा मुख्य मार्ग न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशातून जाई. भटकणाऱ्या मनोरुग्णास पोलीस त्याच्यापुढे उभे करीत. त्यामुळे आजार हा प्रथम कचेरीचा व मग वैद्याचा विषय बनला. त्याच कायद्याने तपासणीसाठी अभ्यागत नेमण्याची तरतूद केली, ही त्याची जमेची बाजू होय. पुढे १ एप्रिल १९९३ रोजी अंमलात आलेल्या मानसिक आरोग्य अधिनियम, १९८७ याने रुग्णाशी क्रूर वा अपमानास्पद वर्तन करण्यास मनाई केली आणि काही अपवाद वगळता त्याची पत्रे अडविणे, रोखून धरणे किंवा नष्ट करणे निषिद्ध ठरविले.

बंधन म्हणजे सुरक्षितता, या समजुतीतील धोका तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी उघड झाला. तेथील एका खाजगी आश्रयस्थानास आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्या रुग्णांना पळता आले नाही व २८ जण मृत्युमुखी पडले. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ याने रुग्णास साखळीने बांधणे व एकांतात कोंडणे यांवर बंदी घातली. तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा उपाय नसेल तेव्हाच, आवश्यक तेवढ्याच वेळेपुरते शारीरिक बंधन घालता येते. त्याची नोंद करावी लागते व रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीस २४ तासांत कळवावे लागते. शिक्षा म्हणून किंवा केवळ सेवकांची संख्या अपुरी आहे म्हणून बंधन घालता येत नाही. रुग्णास खाजगीपणाचा, अंग झाकणाऱ्या योग्य वस्त्रांचा व इच्छा असल्यास स्वतःचे कपडे वापरण्याचा हक्क असून सक्तीचे मुंडण वर्ज्य आहे. रोगवृत्त गोपनीय ठेवावयाचे असले, तरी रुग्णाच्या जीवितास धोका किंवा दुसऱ्यास इजा टाळण्यासाठी आवश्यक तेवढी माहिती देण्यास मुभा आहे. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला.

प्रत्यक्ष व्यवहारात या तत्त्वांचा कस दैनंदिन तपशिलांत लागतो. बाहेरूनही उघडता येणारी कडी, गळफासास आधार न देणारे नळ व खुंट्या, खाटांमधील पडदे, स्त्री-रुग्णाची स्त्री-सेविकेकडूनच झडती, अशा योजनांनी दोन्ही हेतू साधतात. देखरेख सर्वांवर सारखी नसावी. जोखीम तपासून ती वाढवावी आणि धोका ओसरताच कमी करावी. चित्रण करणारा कॅमेरा घटना दाखवितो. परंतु ती रोखण्यास जवळ माणूसच असावा लागतो. स्नानगृहात किंवा कपडे बदलण्याच्या जागी कॅमेरा असणे तर असमर्थनीयच होय.

वऱ्हाडात या प्रश्नाचे स्वरूप अधिक बिकट आहे. अकोल्याच्या दक्षिणेस वाशीम मार्गावर वसलेल्या पातूरसारख्या गावी आजार लपून राहत नाही. विदर्भाचे प्रादेशिक मनोरुग्णालय नागपुरास, म्हणजे अकोल्याहून सुमारे २५० किमी. वर आहे, त्याच्या परिसरातील चौक आजही ‘पागलखाना चौक’ या नावाने ओळखला जातो. अशा नावाचा कलंक टाळण्यासाठी कुटुंबे उपचार लांबवितात आणि लांबलेला उपचार धोका वाढवितो. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी ग्रासलेल्या या भागात विष प्राशन करून वाचलेल्या व्यक्तीवर भारतीय दंडसंहितेच्या ३०९ व्या कलमाची टांगती तलवार असे. खरे कारण सांगितल्यास खटल्याची भीती आणि न सांगितल्यास पुढील प्रयत्न रोखण्याचा मार्ग बंद, अशी ही कोंडी होती. २०१७ च्या अधिनियमाने असा प्रयत्न तीव्र मानसिक ताणातून झाल्याचे गृहीत धरले, तर १ जुलै २०२४ रोजी अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम त्या स्वरूपात राहिले नाही. जिल्हा पातळीवर मानसिक आरोग्यसेवा नेण्याचा कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला, त्याचेही महत्त्व येथेच आहे : जवळच्या सर्वसाधारण रुग्णालयात इतर रुग्णांच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या रुग्णास ओळख लपविण्याची गरज कमी भासते. आपले बोलणे बाहेर जाणार नाही, असा भरवसा ज्याला वाटतो, तोच आत्मघाताचा विचार वैद्यास सांगतो. या अर्थी गोपनीयता ही सुरक्षिततेची पहिली पायरी ठरते.