नागपूरजवळ ग्रॅव्हल सायकलिंग: रस्ता मोकळा का असतो?
ग्रॅव्हल बाइक म्हणजे रोड बाइकसारखं खाली वळलेलं हँडल आणि साधारण 35 ते 50 मिलिमीटर रुंद टायर असलेली, मुरूम-खडीच्या रस्त्यांसाठीची सायकल. नागपूरच्या उत्तरेला सातपुड्याच्या रांगांत असे रस्ते आहेत. तिथे गाड्या नसतात, कारण बरेचसे रस्ते जंगलातले. इथेच अनेकांची चूक होते. पेंच व्याघ्र प्रकल्पात वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार परवानगीशिवाय शिरता येत नाही. शिवाय वाघ-अस्वलासमोर सायकलस्वार उघडाच. सुरुवातीला शहरालगतचं अंबाझरी जैवविविधता उद्यान बरं, तिथे सायकलसाठी कच्च्या वाटा आहेत. टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवली की खडीवर पकड चांगली बसते. बाभळीचे काटे मात्र कोणालाच सोडत नाहीत. ट्यूबलेस टायरमध्ये सीलंट भरा. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा सकाळी आठच्या आत परता.