सयाम-ब्रह्मदेश रेल्वेचे उशिराचे बळी

थायलंडमधल्या बान पाँगपासून ब्रह्मदेशातल्या थानब्युझायातपर्यंतचा ४१५ किलोमीटरचा लोहमार्ग जपानी लष्कराने १९४२-४३ मध्ये युद्धकैद्यांकडून आणि आशियाई मजुरांकडून बांधून घेतला. राबवलेल्या साठ हजारांवर दोस्त सैनिकांपैकी १२,००० हून अधिक मेले. तमिळ, मलय, ब्रह्मी आणि जावाच्या मजुरांचे मृत्यू ९०,००० च्या आसपास धरले जातात. ही मोजदाद १९४५ पाशी थांबते. ती तिथे थांबवणे चूक आहे, असे माझे मत आहे. त्या छावण्यांतला एक जंत सुटलेल्या कैद्यांच्या आतड्यांतून मायदेशी गेला आणि कित्येक वर्षांनी, त्यांची प्रतिकारशक्ती खचल्यावर, काहींच्या जिवावर उठला.

हा जंत म्हणजे स्ट्राँगिलॉइडिस. कोचीन-चायनाहून परतलेल्या फ्रेंच सैनिकांच्या शौचात १८७६ मध्ये तूलाँ इथे लुई नॉर्मां या डॉक्टरने तो प्रथम पाहिला. आतड्यातले बहुतेक जंत माणसाच्या शरीरात आपली पुढची पिढी वाढवू शकत नाहीत. त्यांची अंडी बाहेर मातीत पडावी लागतात. त्यामुळे माणूस दूषित मातीपासून दूर गेला की काही वर्षांत ते संपतात. स्ट्राँगिलॉइडिसची अंडी मात्र आतड्यातच फुटतात. त्यांतल्या काही अळ्या तिथेच पक्व होऊन आतड्याची भिंत किंवा गुदद्वाराजवळची त्वचा भेदतात आणि त्याच शरीरात नवी पिढी सुरू करतात. पावसाळी चिखलात, भरून वाहणाऱ्या संडासांच्या आसपास अनवाणी राबलेल्या कैद्याला एकदा झालेली लागण म्हणूनच जन्मभर पुरली. धडधाकट शरीर अळ्यांची संख्या आटोक्यात ठेवते. अशा वेळी बाहेर दिसते ते एवढेच: पोटावर किंवा मांडीवर अचानक उठणारी, खाजणारी लाल रेघ. ती तासाला पाच-दहा सेंटिमीटर सरकते आणि मग नाहीशी होते.

युद्ध संपून थोडीच वर्षे झाली होती, तोच कॉर्टिसोन आले. १९४८ मध्ये ते संधिवातावर प्रथम वापरले गेले. पुढे दमा, त्वचारोग, कर्करोग अशा अनेक आजारांत स्टिरॉइड सर्रास दिली जाऊ लागली. कैदेतून वाचलेली माणसे नेमकी याच काळात या आजारांच्या वयात येत होती. स्टिरॉइडने प्रतिकारशक्ती दबली की अळ्या बेसुमार वाढतात, फुप्फुसांत आणि मेंदूपर्यंत पोचतात आणि आतड्यातले जिवाणू रक्तात नेतात. एवढ्या थराला गेलेला रुग्ण उपचार करूनही अनेकदा दगावतो.

लागण नंतर दुसरीकडे झाली नसेल कशावरून, अशी शंका येईल. लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेने १९६८ ते २००२ या काळात २,०७२ माजी ब्रिटिश कैदी तपासले. सुमारे १२ टक्क्यांत हा जंत सापडला. ब्रिटनच्या थंड हवेत तो सहसा पसरत नाही, आणि ऑस्ट्रेलियन व अमेरिकी माजी कैद्यांतही तो आढळला. अधिक वजनदार आक्षेप असा की यांतले बहुतेक जण जंतामुळे मेले नाहीत. ते खरेच आहे, आणि हजारो बळींचा दावा मी करत नाही. पण जे गेले त्यांचे मरण टाळता येण्यासारखे होते. थायाबेंडाझोल १९६० च्या दशकापासून हाताशी होते, पुढे त्याहून चांगले आयव्हरमेक्टिन आले. स्टिरॉइडलाच दोषी ठरवणेही मला पटत नाही, कारण त्याने असंख्य जीव वाचवले आहेत. उणीव होती ती ते लिहून देण्यापूर्वी रुग्णाची पूर्वकथा विचारण्याची.

सैनिकांची निदान तपासणी झाली. मजूर त्यांच्याहून कितीतरी जास्त संख्येने मेले, पण त्यांच्यातले जे वाचले त्यांच्यामागे असे कोणतेही रुग्णालय उभे राहिले नाही. त्यांतले पुष्कळ तमिळ मजूर मलायाच्या रबराच्या मळ्यांत परतले. तिथली मातीच दूषित असल्याने त्यांच्या पोटातला जंत रेल्वेचा की मळ्याचा, हे ठरवणेही शक्य नव्हते. त्यांचे उशिराचे बळी कोणत्याच यादीत नाहीत.

२०२० मध्ये कोविडवर डेक्सामेथासोन सुरू झाले तेव्हा वैद्यकीय नियतकालिकांनी याच जंताचा इशारा पुन्हा दिला. हा जंत भारतातही आहे. तेव्हा दीर्घकाळ स्टिरॉइड देणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने रुग्णाला आधी विचारावे, की तुम्ही कुठल्या मातीत अनवाणी राबलात. आणि शंका असेल तर शौचाच्या एकाच तपासणीवर न विसंबता रक्ताचीही तपासणी करून घ्यावी.